न सांगता आलेली जीप

मोठेबाबांनी आयुष्यात कधी ठरवून प्रवास केला नाही. माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ तेल्हारा-अकोट रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचे. सवारी मिळाली नाही की जीप घरी आणायची, हॉर्न दाबून धरायचा आणि ओरडायचं, "चला, बसा!" कुठे, ते विचारायचं नाही. मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, हाताचं पीठ गाडीत बसून झटकायची. कौंडण्यपूरची जत्रा आम्ही अशीच पाहिली, चिखलदऱ्याला स्वेटरशिवाय असेच कुडकुडलो. कुणी कुरकुरलं की म्हणायचे, "इचार करत बसलं का घरच दिसते रे बाप्पा. डिझल हाये तंवर फिरून घ्या."

मग कपाशीची ती वर्षं आली. अळीनं खाल्लं ते खाल्लं, उरलेलं पडलेल्या भावानं खाल्लं. आसपासच्या गावांत माणसं फवारणीचं औषध पिऊन मरू लागली. सरकारनं मदतीसाठी मेलेल्यांची पात्र आणि अपात्र अशी वाटणी केली. जिवंत घरांचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही. मी सांगतो.

मोठेबाबांची लेक शीलाताई सातपुड्यापलीकडे, मध्य प्रदेशात, बऱ्हाणपूरजवळच्या खेड्यात दिलेली. आमच्याकडे लेकीला माहेरी आणलं की नवं लुगडं नेसवूनच परत पाठवतात. ते जमेना, म्हणून दोन वर्षं तिला कुणी आणलंच नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी मोठीआई चुलीपुढे रडत बसलेली त्यांनी पाहिली. लगेच हॉर्न वाजला. "चला, बसा! शीलाले घेऊन येऊ. लुगड्याचं मंग पाहू." सगळं घर जीपमध्ये कोंबलं गेलं. फक्त राजूदादा, त्यांचा मुलगा, वावरात फवारणी चालू होती म्हणून राहिला.

घाटात मोठेबाबा गात होते. बेसूर. मोठीआई म्हणाली, "गप्प बसा, गाडी बंद पडन." त्या वर्षातलं तिचं पहिलं हसू ते. सीमा ओलांडली तशी दोन्हीकडे केळीची हिरवी रानं लागली, आणि ते म्हणाले, "पाह्य वं, हे बी शेतकरीच हायेत."

शीलाताई पाण्याची गुंडी घेऊन दारात उभी होती. तिने माहेरची जीप पाहिली. न सांगता आलेली, माणसांनी भरलेली. त्या वर्षांत अशी जीप एकाच कामासाठी यायची. गुंडी पडली. ती आमच्याकडे आली नाही, तिथूनच एकेक चेहरा पाहत गेली.

"राजू कुठी हाये?"

"अवं वावरात हाये," मोठेबाबा हसतच उतरले. "फवारून राह्यला तो."

फवारणीचं नाव ऐकलं आणि ती जमिनीवर बसून कपाळ बडवू लागली. शेजारच्या बाया धावत आल्या, त्याही रडू लागल्या. मोठेबाबा शपथा घेत होते. बापाच्या शपथेवर लेकीचा विश्वास नव्हता. शेवटी आमच्या शेजाऱ्याला फोन लावून राजूदादाला वावरातून बोलावून घेतलं. तो वैतागून म्हणाला, "कायले बोलावलं व?" तेव्हा कुठे ती पाणी प्यायली.

ती आली नाही. सासरचे नको म्हणत नव्हते, तिचेच पाय चालेनात. "बाबा, असे नोका येत जाऊ," एवढंच म्हणाली.

त्यानंतर आमच्या दारात तो हॉर्न वाजला नाही. ते लेकीकडे जायचे, पण जीप गावाबाहेर बाभळीखाली लावून. मग एकटेच चालत, लांबूनच हात हलवत. "भरली गाडी दारात नेऊ नये पोरीच्या," म्हणायचे. ज्या माणसाला कधी वेळ-काळ लागला नाही, त्याला लेकीच्या दारात कसं जायचं हे शिकावं लागलं. ही नुकसानभरपाई कोण देणार?

गेल्या हिवाळ्यात अमरावतीच्या दवाखान्यात मोठेबाबा हृदयविकाराने गेले. अशी बातमी फोनवर देत नाहीत, म्हणून राजूदादा आणि मी बऱ्हाणपूरच्या वाटेला लागलो. गाडी बाभळीखाली लावली. दुसरीकडे लावायचं सुचलंच नाही.

शीलाताई अंगणात गहू वाळवत होती. आम्हाला पायी येताना पाहून तिचा चेहरा उजळला. लगबगीने उठली, पदराला हात पुसले आणि आमच्या मागच्या रस्त्याकडे पाहत म्हणाली, "बाबा मांगं रायले का रे?"