मामाजींची टाकी

दवाखान्यात शेवटची भेट झाली तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, आमच्या मामाजींनी, ना देवाचं नाव घेतलं ना शेतीचं. डोळे किलकिले करून म्हणाले, "सूनबाई, टाकीच्या झाकणावर कोणी काही ठेवलं तं नाही ना वं?" नाही म्हटलं, तेव्हा कुठे त्यांचा डोळा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले... शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईंना वाटलं असेल, म्हातारा पिण्याच्या पाण्याची काळजी करतोय. टाकी संडासाची होती.

मामाजी मूळचे कुहीकडचे, धानाच्या शेतीतले. कचेरीत कारकुनी करून त्यांनी शहरात, नंदनवन वस्तीत घर बांधलं. तिकडे तेव्हा गटारलाइन आली नव्हती, म्हणून अंगणात सेप्टिक टँक खोदली. पण शेतकऱ्याच्या घराला बसायला ओटा हवाच! आणि अंगणात सगळ्यात पक्की, सपाट जागा कोणती, तर टाकीचा स्लॅब. मामाजींनी त्यावरच झकास ओटा बांधला, झाकणासकट. मिस्त्री कुरकुरला, तर म्हणाले, "मातीत गेलेलं मातीच खाते गा. उघडून काय पाहाचं आहे त्यात?" संध्याकाळी ते त्या ओट्यावर ऐसपैस बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चहा पाजत. आम्ही बायका मुकाट्याने कप भरायचो.

शेजारचे डेहनकर मास्तर एकदा म्हणाले, "तुमच्या टाकीपायी आमच्या विहिरीच्या पाण्याले वास येऊन राहिला." झालं! मामाजींच्या नाकावर राग. "माही टाकी पक्की आहे," म्हणून त्यांनी मास्तरांशी बोलणंच टाकलं. मग एका पावसाळ्यात आमचा संडास तुंबला. मामाजी म्हणाले, जमीन ओली आहे, ऊन पडलं की उतरेल. टाकी भरली म्हणायचं तर मास्तर खरे ठरत होते ना! घरातले पुरुष डबा घेऊन सक्करदऱ्याकडच्या माळावर जात, सासूबाई पहाटे इतर बायकांबरोबर. मला सातवा महिना. त्या चिखलात, काट्याकुट्यांत माझं बसणं-उठणं होईना. मी आपला एक उपाय काढला, पाणी पिणंच सोडलं. लाज माणसाला काय काय सुचवते...

दुपारी मामाजींना वाढत होते. माझे सुकलेले ओठ त्यांना दिसले असावेत. "पानी पे ना वं," म्हणत त्यांनी आपला गडवा माझ्याकडे सरकवला. मी नको म्हटलं. "काहून?" मी मान खाली घातली. भरल्या ताटावरून उठणं पाप मानणारा हा माणूस, अर्ध्या जेवणावरून उठला, हात धुतले आणि थेट मास्तरांच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. मी दारातून ऐकत होते.

"मास्तर जी, माही टाकी भरली. तुमच्या विहिरीचंही खरंच होतं. माह्या सुनेले तुमच्याकडं येऊ द्या जी."

मास्तर म्हणाले, "तुळशीराम, हे काय विचाराची गोष्ट आहे? पण अशा दिवसांत पोरगी रस्त्यानं फेरा घालून येईन का?"

मामाजी घरी आले आणि सब्बल घेऊन निघाले. मला वाटलं, आता ओटा फोडणार. ओटाही फोडला त्यांनी, पण संध्याकाळी. आधी दोन घरांमधली भिंत फोडली, माझ्यापुरती. माझ्या वडिलांनी तरी माझ्यासाठी इतकं केलं असतं का, सांगता येत नाही.

पुढे गाडी येऊन टाकी उपसून गेली, झाकण मोकळं झालं. मास्तरांची विहीर साफ करायला मामाजी स्वतः दोर धरून उभे राहिले. भिंतीतलं भगदाड बुजवायचं तेवढं राहिलं. पाऊस सरला की, दिवाळी झाली की... अशी वर्षं गेली. मामाजी रोज जेवणं झाली की त्यातून अंग तिरकं करून पलीकडे जात आणि मास्तरांशी राजकारणावर कडाकडा भांडून परत येत.

तेरवी झाल्यावर घराला चुना द्यायला माणूस लावला. "बाई, हे भगदाड बुजवून टाकू का?" त्यानं विचारलं. मी काही म्हणायच्या आत मास्तर काठी टेकत पलीकडून भगदाडाशी आले.

"नको गा, तिथं हात नको लावू," ते म्हणाले. "तुळशीराम तिथूनच येते."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. विटांवर हात ठेवून ते तसेच उभे राहिले. मी अंग तिरकं करून पलीकडे गेले, आणि मग आम्ही दोघंही रडलो.