नावेचा पत्ता

गेल्या मार्चअखेरीस, सोमवारी दुपारी चार वाजता, आमच्या भाऊजींनी मुन्शी घाटावरच्या भोला नाववाल्याचं इंजिनासाठीचं कर्ज मंजूर केलं. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. बनारसच्या एका बँकेत ते शाखाधिकारी आहेत, आणि कर्ज न देण्यात त्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या गंगाकाठी नाही.

तसे ते कंजूष नाहीत. तरुणपणी दिलेलं एक कर्ज बुडालं, चौकशी झाली, बढती गेली. तेव्हापासून मुख्य कार्यालयाचं परिपत्रक ते पंचांगासारखं वाचतात. व्याजदर वाढले की घरच्या चहातली साखर कमी होते. दिवाळीत तो चहा मीही प्यायलो आहे. ठेवी घटण्याची धास्ती तर एवढी, की दुर्गाघाटाच्या गल्लीत कुणी लग्नपत्रिका दिली तर भाऊजी मुलाचं नावही न विचारता मुदत ठेव मोडणार का, हे विचारतात. ताई म्हणते, "अक्षता टाकतानाही ह्यांना शाखेतला पैसा जाताना दिसतो."

भोलाला इंजिन हवं होतं, कारण प्रवासी आता वल्ह्याच्या नावेत बसेनात. त्याचा अर्ज तीनदा परत आला: लगीनसराईत ठेवी आटल्या म्हणून, मग दर चढले म्हणून, मग थकबाकी वाढल्यामुळे वरून हात आखडायला सांगितलं म्हणून. चौथ्यांदा सगळं जुळलं, तर तारणाच्या पत्त्याचा रकाना आडवा आला. तारण म्हणजे त्याची नाव, आणि नावेला घर-नंबर कुठला? भाऊजी घाटावर जाऊन पायऱ्या मोजून आले आणि लिहिलं, 'खालून अकरावी पायरी'. तपासणीचे साहेब आले तेव्हा गंगा चढली होती आणि अकरावी पायरी पाण्याखाली होती. 'तारण पत्त्यावर आढळले नाही', असा शेरा पडला.

मार्चमध्ये फर्मान आलं: कर्जवाटपाचं उद्दिष्ट अपुरं आहे, महिनाअखेरपर्यंत पुरं करा. आता पत्ता कुणी विचारला नाही. मंजुरीपत्र घेऊन भाऊजी स्वतः घाट उतरले. भोला दुसऱ्याच्या नावेत दोर गुंडाळत होता. स्वतःची नाव त्यानं आठवड्यापूर्वीच विकली होती. त्यानं पत्र निरखून पाहिलं, नीट घडी केली.

"बाबूजी, इंजन तो मिल गया. अब नाव का लोन दे दीजिए."

भाऊजी पायरीवर टेकले आणि म्हणाले, "कल सुबह आधार लेकर आ जाना, भोला."

नावेसाठीचा नवा अर्ज एप्रिलमध्ये गेला. तारणाच्या पत्त्याच्या रकान्यात, भाऊजींच्या अक्षरात, त्यांच्या दुर्गाघाटावरच्या घराचा नंबर आहे. अर्ज अजून मुख्य कार्यालयात आहे.