वासू बोलला ती एक टेप

वासू गेला तवा घरात आमी चौघंजनं होतो. मी, त्याची मोठी बहीन. त्याची बायको कुसुम, ते चुलीपाशी चाहा ठेवत होती. त्याची पोरगी वैशाली, बैहरले मास्तरीन हाये, सुट्टीत घरी आलती. आन् बाजूचे डोंगरे भाऊ, आपला सुधरवाले देलेला रेडिओ घ्यायले आलते. त्याईचाच रेडिओ वासूच्या हातात होता. पेचकस खाली ठेवून म्हने, "डोंगरे भाऊ, जरासा पडतो, चाहा होऊ द्या." चाहा झाला, कुसुमनं हाक मारली, तर मानूस नव्हता. दुपारचे तीन वाजले असतील. याले आता दोन महिने होऊन राह्यले. मी तिसरी शिकली, मले सुधं लिहता येत नाही. मी बोलून राह्यली आन् वैशाली लिहून राह्यली. जिथं मी थांबते तिथं ते टिंबं देते, म्हने, "आत्या, असंच लिहतात"...

माय गेली तवा वासू सहा वर्साचा होता, मी चवदाची. बाप लाकडाच्या डेपोवर हमाली करे. धानाच्या रोवन्याच्या टायमाले मी वासूले बांधावर बसवून चिखलात उतरत होती, आन् दर ओळीले मान वर करून पाहे, हाये का नाही. मंग माह्यं लगन झालं. चवथ्या वर्सी नवरा तापानं गेला, पोटी काही नव्हतं, मी किरनापुरले बापाच्या घरी वापस आली. राइस मिलमधी कोंडा उचलला, बिड्या वळल्या. रडली नाही असं नाही, पन कामावरून येऊन रडाले टाईम किती राह्यते? वासूले मॅट्रिकपर्यंत शाळेत ठेवलं. नापास झाला तवा म्हने, "बाई, मले रेडिओचं काम शिकू दे." गोंदियाले एका उस्तादाच्या दुकानात ठेवला. छोट्या लाईनच्या गाडीनं जाये, सांजच्यानं येये. हात चांगला होता त्याचा. आंधळ्यानं चाचपावं तसा तारा चाचपे आन् बिघाड सांगे.

त्या उस्तादानं त्याले एकडाव भोंग्याचं सामान घेऊन नागपूरले एका कॉलेजात पाठवलं. तिथं 'सातवा पहाड' नावाचा एक बँड होता, चार पोरं, केस पाठीपर्यंत. वासू घरी आला तो जेवलाच नाही. म्हने, "बाई, त्याईचं एक गानं हाये, बैहरच्या घाटावानी. वळन येते, वाटते उतरलो आता, तर सामने अजून चढाव."

मी म्हनलं, "बोल काय हायेत त्याचे?"

"बोल चारच ओळी हायेत."

"आन् चालते किती?"

"पंचवीस मिनटं."

"मंग बाकीचा टाईम करतात काय ते?"

"वाजवतात, बाई."

मले वाटलं पोरगं बिघडलं. पन बिघडला नाही, दारू नाही, पत्ते नाही. त्याले तेवढंच एक लागलं. नंतर किरनापुरले सोताचं दुकान टाकलं, लगन केलं, वैशाली झाली, पन तो बँड नागपूरले, रायपूरले, जबलपूरले कुठीबी वाजवो, वासूनं दुकानाले कुलूप लावलंच. कुसुम मले म्हने, "बाई, तुमच्या भावाले माह्या मायच्या तेराव्याले टाईम नव्हता, आन् ह्या झिपऱ्याईसाठी रायपूर!" खरं होतं तिचं.

त्या बँडची बजारात कॅसेट कधी निघालीच नाही. म्हनून जे त्याईले आवडनारे होते ते सोताच टेप घेऊन जात आन् भरून आनत. पुना, कलकत्ता, कुठी कुठी होते असे लोकं. एकमेकाले कधी भेटले नाही, पन डाकेनं कॅसेटी पाठवत. इकायची नाही, हा त्याईचा नेम होता. तू मले जबलपूर दे, मी तुले रायपूर देतो, असं. आन् दुसरा नेम असा का भरनाऱ्याचा आवाज टेपमधी येऊ नये. वासू या नेमाचा लय पक्का. टेपचं मशीन छातीशी बांधे, वरून स्वेटर, माईकले कानटोपीचा तुकडा गुंडाळे. खोकला येऊ नये म्हनून दाढेखाली लवंग धरे. सगळे टाळ्या वाजवत तवा हा हात बांधून बसे. मी एकडाव म्हनलं, "एवढ्या दूर जातं, टाळीबी वाजवत नाही?" तर म्हने, "बाई, माह्या हाताजवळच माईक हाये. मी वाजवली तर बंदूक सुटल्यावानी येते. ऐकनाऱ्याले वाटलं पायजे का तोच तिथं बसला हाये. मी मधात कोन?"

मंग माह्या डोळ्यायचं झालं. दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू, डाव्याचं आप्रेशन नागपूरले झालं, उजव्यानं नुसता उजेड दिसे. दवाखान्यातून सुट्टी भेटली त्याच दिवशी सांजच्यानं त्या बँडचा कार्यक्रम होता. वासूनं मले धर्मशाळेत बसवलं, दारापावतर गेला, वापस आला. म्हने, "चाल बाई, तुले एकटी सोडता येत नाही, आन् हेबी सोडता येत नाही." डोळ्यावर पट्टी, वरून काळा चष्मा, मी भावाचा हात धरून त्या हॉलमधी गेली. आजूबाजूले कॉलेजची पोरं. एक पोरगी म्हने, "आजी, तुमीबी आल्या!" मी म्हनलं, "आनलं मले."

गाने सुरू झाले. छातीत धडधड होये, खुर्ची हाले. मंग ते मोठं गानं आलं, पंचवीस मिनटाचं. चाललं, चाललं, आन् मधातच बारीक होत गेलं, बारीक होत गेलं... आन् काहीच नाही. कोनी बोले ना, हाले ना. मले काय माईत का गान्यातच तशी जागा हाये? मले वाटलं संपलं, सगळे उठून गेले, आन् मी आंधळी एकटी बसली हाओ. हात बाजूले नेला तर वासूचा हात लागे ना, त्याचे हात तर बांधलेले. मी मोठ्यानं म्हनलं, "वासू, झालं काय? गेले काय सगळे?" तो बोलला नाही. मी अजून म्हनलं, "वासू, हायेस का रे?"

तवा तो बोलला. "हौ बाई, हाओ ना. इथंच हाओ मी. बस तू."

आन् तेवढ्यात गानं धाडकन उठलं.

वापस येताना गाडीत मी म्हनलं, "तुही टेप खराब केली मी." तो हासला. म्हने, "अठरा वर्सात पहिल्यांदा बोललो, तेबी गान्याच्या काळजात." रागवला नाही, पन ते टेप त्यानं दोनदा ऐकली नाही. खराब टेप तो ठेवत नव्हता. पन ते गानं त्या बँडनं पुऱ्याच्या पुरं वाजवलं ते शेवटचंच, पुढं बँड फुटला, म्हनून लोकाईच्या चिठ्ठ्यावर चिठ्ठ्या आल्या. त्या टायमाले त्याचं दुसरं मशीन बंद होतं, नक्कल करता आली नाही. त्यानं असल टेपच एकाले पाठवून देली. सोबतच्या कागदावर लिहलं, 'मधात बोलनं हाये, माफी असावी.' कोनाले पाठवली ते आमाले माईत नाही. वापस आली नाही, त्यानंबी मांगितली नाही.

तेरवी झाल्यावर वैशाली मले म्हने, "आत्या, बाबाचा आवाज ऐकावा वाटते." मोबाईल त्याचा बटनाचा, त्यात काही नव्हतं. लगनात कोनी व्हिडिओ काढले तर हा भोंग्याच्या मांगं. मंग आमी त्याची पेटी उघडली. शंभराच्या वर कॅसेटी, सगळ्यायवर गाव, गान्याईचे नाव, कुठी बसला होता ते लिहलेलं. आमी तिघी बायका रोज दुपारी बसून एक एक ऐकल्या. पोरं सिट्या मारतात ते ऐकलं. खुर्चीवरून भांडन ऐकलं. चनेवाल्याचा आवाज ऐकला. कुसुम एका जागी म्हने, "हा खोकला त्याईचा." मी म्हनलं, "नाही, तो लवंग धरे." आखरी कॅसेट झाली तवा वैशालीनं मशीन बंद केलं आन् म्हने, "साऱ्या दुनियेचा आवाज भरून ठेवला बाबानं, सोताचा नाही." तवा मी तिले नागपूरची गोष्ट सांगतली. तोवर कोनाले सांगतली नव्हती, माह्यीच चुकी होती ते.

तिनं मोबाईलवर शोध लावला. पुन्याचे एक साहेब सापडले, ते जुन्या टेपा कम्पूटरवर चढवतात. बोलनं चांगलं त्याईचं. म्हने, "तो कार्यक्रम आहे ना माझ्याकडे. अगदी स्वच्छ आहे. मध्ये कोणी बाई बोलत होती म्हणे, ते कोणीतरी सुरेख काढून टाकलंय." त्याईनं पाठवलं, आमी ऐकलं. सगळं जसंच्या तसं. गानं बारीक होत गेलं, बारीक होत गेलं... आन् चूप. मी खाटेचा पाया धरून बसली. ज्या जागी मी इचारलं तिथं काही नाही, ज्या जागी तो बोलला तिथंबी काही नाही. मंग गानं उठलं. कुसुम उठून अंदर गेली. वैशालीनं साहेबाले इचारलं, असल कोनापाशी हाये? त्याईले माईत नव्हतं, त्याईनं दुसऱ्याकडून घेतलं, त्यानं तिसऱ्याकडून. ज्यानं साफ केलं त्याचा दोष नाही. वासू असता तर त्यानंबी तेच केलं असतं.

म्हनून हे पेपरात देऊन राह्यली. तुमच्यापैकी कोनापाशी 'सातवा पहाड'ची नागपूरची जुनी कॅसेट असंल, आन् त्यात मोठ्या गान्याच्या मधात एक बाई आन् एक मानूस बोलत असंल, तर ते साफ करू नका, खराब म्हनून फेकू नका. टेप तुमचीच राहू द्या, आमाले फक्त नक्कल करू द्या. गानं नसलं तरी चालते. या पुरवनीच्या पत्त्यावर कळवा, वैशाली येऊन जाईल.