तरसाच्या खालच्या ओळीत

"मान हलवू नकोस," सर म्हणाले आणि त्यांनी माझ्या कानशिलांवर लोखंडी चिमटा दाबला.

त्याच चिमट्यानं सकाळी आम्ही ओढ्यात सापडलेली तरसाची कवटी मोजली होती. धुतलाही नव्हता. एकानं माप वहीत उतरवलं. वरच्या ओळीत तरस. खाली, 'भिल्ल, पुरुष'.

अन् मी सरांच्याच वर्गातला विद्यार्थी! माझ्याही हातात तीच वही. इंग्रजांचं राज्य होतं, पण सर आपलेच, पुण्याकडचे. तळोद्याच्या वर सातपुड्यात आमची सहल आली होती. जनावरं, झाडं, पाणवठे, कोण कुणावर जगतं, ते बघायला. ते मला आईच्या पाठीवर असल्यापासून ठाऊक होतं. पण मला कुणी विचारलं नाही. मोजलं.

ब्राह्मणपुरीचा एक दोस्त होता, शेतकऱ्याचा पोरगा. तो ओरडला, "तुन्हं डोकं मन्हापेक्षा मोठं शे रे!" सगळे हसले. मीपण हसलो. दात काढून हसलो, शरम नाही वाटली. वहीवर सरांची सही नसेल तर परीक्षेला बसता येत नव्हतं, आणि आमच्या डोंगरातून तिथवर पोचलेला मी पहिलाच. त्या सहीसाठी मी काहीही गिळलं असतं.

दुसऱ्या दिवशी वरच्या पाड्यावर गेलो. माझ्या फुईचा पाडा, फुई म्हणजे बापाची बहीण. सरांना बाया मोजायच्या होत्या. एकही बाई पुढं येईना. आमच्यात परक्या पुरुषासमोर बाई डोक्यावरचा पदर काढत नाही. सर मला म्हणाले, "तुझी माणसं आहेत ना? सांग त्यांना काहीतरी."

मी सांगितलं. भिलीत सांगितलं, की हा डोकेदुखीचा इलाज आहे. फुईचं डोकं सारखं दुखायचं, हे मला माहीत होतं. म्हणूनच ते खोटं सुचलं, दुसरं काय!

फुई लगेच पुढं आली. भाचा म्हणतोय ना, मग झालं. दगडावर बसली, पदर काढला. पिकलेले केस उघडे पडले. सरांनी चिमटा लावला, आकडा सांगितला, मग म्हणाले, "तोंड उघडायला सांग. दात बघू."

मी तेही सांगितलं. तिनं तोंड उघडलं. सरांनी बोटानं ओठ वर सारला, बाजारात बैलाचा सारतात तसा. मागं कोणीतरी फिदीफिदी हसलं. फुईला वाटलं आपलं काही चुकलं. म्हणून तीही हसली, सरांचं बोट तोंडात असताना.

ते हसू माझं होतं. आदल्या दिवशी मी असाच हसलो होतो.

मी सरांचा हात धरला आणि बाजूला केला. "बस झालं, सर."

"हात सोड. सही हवी आहे ना?"

"आधी तुमच्या आईचं तोंड उघडा. मग फुईचं."

कोणी हसलं नाही. सरांनी माझी वही मागून घेतली, तिच्यावर आडवी रेघ मारली आणि माझ्या पायाशी टाकली. परीक्षा गेली. वर्ग गेला. मी वही उचलली नाही.

मग मी फुईपुढं बसलो आणि खरं सांगितलं. इलाज नव्हता, तुला जनावरासारखं मोजत होते, अन् मला माहीत होतं.

तिनं पदर परत डोक्यावर घट्ट ओढला. म्हणाली, "तो परका होता. तू कोण होतास?"

मेली तोवर ती माझ्याशी बोलली नाही. तिचं काही चुकलं नाही.

आज मी याच डोंगरात राहतो. अजून साहेब येतात, वह्या घेऊन, गोड बोलून. गावात ने म्हणतात, आमच्या वतीनं बोल म्हणतात. मी तोंडावर सांगतो, तुमचं काम काय ते खरं बोला, मी शब्दाला शब्द सांगेन, पुढं गाव ठरवेल. फुई माझ्या शब्दावर त्या दगडावर बसली होती. माझ्या शब्दावर यापुढं कुणालाही खाली बसवणार नाही.