हृदयावर रक्तचंदनाचा लेप

सिंगापुरात पासिर रिसला राहणारा निशिकांत आगटे बँकेत अकाउंट्स बघायचा, पण ओळख करून देताना आधी सायकलबद्दल सांगायचा. शनिवारी पहाटे ईस्ट कोस्टला लांब चक्कर, मग हॉकर सेंटरच्या खाण्याच्या स्टॉलवर नाश्ता आणि नाश्ता करता करता बाकीच्यांचं पेडल मारताना काय चुकतं ते समजावणं, हा त्याचा ठरलेला कार्यक्रम. चाळिशी उलटूनही पोट सुटलं नव्हतं. लिफ्टच्या आरशासमोर लोक पोट आत घेतात. हा मुद्दाम श्वास सोडून उभा राहायचा.

मार्चमध्ये त्याला फ्लू झाला. त्याच्या बायकोने, नीताने, ताप उतरेपर्यंत घरी बसायला सांगितलं. पण घामावाटे ताप निघून जातो असं त्याचं स्वतःचं एक शास्त्र होतं, त्यामुळे तो गोळी घेऊन सायकलवर गेलाच. पुढच्या आठवड्यात छातीत दुखायला लागलं. आडवं झालं की जास्त, पुढे वाकलं की जरा बरं. त्याने सगळा दोष आदल्या रात्रीच्या लाक्साला, त्या तिखट नूडल्सच्या रश्श्याला दिला आणि जेवणं, टीव्ही बघणं, ऑफिसचे फोन घेणं, सगळं पुढे वाकूनच सुरू केलं. मग एक दिवस बुटाची नाडी बांधतानाही त्याला धाप लागली.

"बाबा, लाक्सा कॅनॉट डू धिस, लाह," त्यांची शाळकरी मुलगी आर्या म्हणाली. नीताने पुढची चर्चा होऊ न देता त्याला हॉस्पिटलात नेलं.

तिथे रक्त तपासलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं त्यात दिसत होतं. हृदयाच्या रक्तवाहिन्या मात्र स्वच्छ निघाल्या. एवढं ऐकून निशिकांत उठून बसला आणि आपली पँट मागू लागला. डॉक्टर टॅन या शांत स्वभावाच्या बाईंनी त्याला परत आडवं केलं. एमआरआय झाल्यावर त्यांनी सांगितलं, की फ्लूच्या विषाणूशी लढताना हृदयाचा स्नायूच सुजला आहे. बहुतेक लोक बरे होतात, पण सूज असताना जोर केला तर ठोके बिघडून जिवावर बेतू शकतं. म्हणून निदान तीन महिने सायकल नाही, धावणं नाही, जड उचलणं नाही.

"मनगट सुजलं तर झोळीत घालून गळ्यात अडकवता येतं," त्या म्हणाल्या. "हृदयाला सुट्टी देता येत नाही. त्याचं काम कमी करणं तेवढं आपल्या हातात आहे."

निशिकांत घरी आला आणि विश्रांतीतही पहिला नंबर काढायच्या मागे लागला. मनगटावरचं घड्याळ 'उठा, चाला' म्हणायला लागलं, की तो त्याला मराठीतून वैद्यकीय कारण सांगायचा. भाजीची पिशवी समोर आली की छातीवर हात ठेवून दोन पावलं मागे सरायचा. रिमोट जड उचलण्यात येतो का, हेही त्याने विचारून पाहिलं. नीताने टीव्हीच बंद केला.

बातमी सांगलीला कुमुदआत्याकडे पोचली. आत्याने सूज एवढा एकच शब्द धरला. सुजेवर रक्तचंदन, यात तिला काडीची शंका नव्हती. खोड घरात होतंच. तपासणीच्या दिवशी सकाळी नीता अंघोळीला गेल्यावर निशिकांतने ते उगाळलं, छातीभर जाड थर दिला आणि वर शर्ट घातला. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच होत्या, त्यामुळे आपण दोन्ही पक्षांना खूश ठेवलंय असं त्याला वाटत होतं.

ईसीजी काढणाऱ्या तरुण नर्सने शर्टाची बटणं उघडली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. लेप वाळून लालभडक झाला होता, त्याला भेगा गेल्या होत्या आणि निशिकांतने श्वास घेतला की त्याचे टवके गळत होते. तिने पळत जाऊन आणखी दोघींना आणलं. कोणी भाजलंय म्हणालं, कोणी औषधाची ॲलर्जी म्हणालं. ईसीजीची एकही चकती छातीला चिकटेना. शेवटी डॉक्टर टॅन आल्या, त्यांनी बोटाने एक टवका काढला आणि वास घेतला.

"हे काय आहे?"

"लाकूड," निशिकांत म्हणाला.

डॉक्टरांनी नीताकडे पाहिलं. नीता भिंतीवरचं हात धुण्याचं पोस्टर मन लावून वाचत होती. मग डॉक्टरांनी निशिकांतला ओली फडकी दिली आणि सांगितलं, की सूज बरगड्यांच्या आत, स्नायूत आहे. तिथपर्यंत लेप पोचत नाही. छाती पुसून झाल्यावर ईसीजी निघाला, तो आधीपेक्षा चांगला होता. आत्याने त्याच दिवशी त्याचं श्रेय घेतलं.

पुढे एमआरआयमधली सूज ओसरली, ट्रेडमिलवर ठोके नीट राहिले आणि डॉक्टरांनी हळूहळू सायकल सुरू करायला परवानगी दिली. आता निशिकांत वाटेतल्या प्रत्येक बाकावर थांबतो आणि शेजारी बसलेल्या माणसाला, तो कोणत्याही भाषेचा असो, हृदयाच्या स्नायूबद्दल सांगतो.

गेल्या महिन्यात ऑफिसातला धवल म्हणाला, की थोडा ताप आहे, पण रविवारी सायकलिंगला जाणारच. शनिवारी निशिकांत तब्येत विचारायला म्हणून त्याच्या घरी गेला, चहा प्यायला, आणि येताना धवलच्या सायकलचं पुढचं चाक काढून घेऊन आला. एमआरटीच्या लोकलमध्ये ते मांडीवर घेऊन बसला होता. समोरच्या म्हाताऱ्या बाईने चाकाकडे बोट दाखवून, सायकल कुठे आहे, असं विचारलं.

"आजारी आहे," निशिकांत म्हणाला, आणि तिच्यासाठी पहिल्यापासून सुरुवात केली.