विहिरीतला घोडेस्वार

उभ्या महाराष्ट्रात जुनं कॉमिक बैलासारखं पारखून घेणारा एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू आहे. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. वडीगोद्रीच्या अलीकडे त्यांची मोसंबीची बाग आहे, वय साठीला टेकलेलं आहे आणि डोक्यावर केस म्हणाल तर कानांच्या आसपास थोडी वस्ती उरलेली आहे. त्यांचे वडील बैलबाजारात दलाली करायचे, त्यामुळे लहानपणापासून त्यांनी खरेदी म्हणून जी काही पाहिली ती बैलांचीच. पुढे बैल गेले, ट्रॅक्टर आले, पण पारखायचा हात तसाच राहिला आणि तो कॉमिक्सवर पडला. रद्दीच्या दुकानात एखादं जुनं कॉमिक दिसलं की ते आधी त्याच्याकडे बघतच नाहीत. दुकानदाराशी पाऊसपाण्याच्या गोष्टी करतात. मग सहज हात लागल्यासारखं उचलून त्याच्या पाठीवरून, म्हणजे घडीवरून, अंगठा फिरवतात. बैलाचे दात बघावेत तशा मधल्या दोन पिना बघतात. वास घेतात. आणि मग खाली ठेवून मान हलवत म्हणतात, "ह्याला मुका मार बसलेला हाय. एका पावसाळ्यात भिजलेलं दिसून राह्यलं." दुकानदाराला आपण रद्दी विकतो की जनावरं, असा प्रश्न पडतो.

भाव ठरवायची त्यांची तऱ्हाही बाजारातलीच. तोंडाने भाव बोलणं त्यांना असभ्य वाटतं. खांद्यावरचा मोठा रुमाल काढायचा, समोरच्याच्या हातावर टाकायचा आणि त्याखाली त्याची बोटं धरायची. एक बोट म्हणजे दहा रुपये, पुरा पंजा म्हणजे पन्नास. जुन्या बाजारात असेच सौदे व्हायचे, बघणाऱ्याला आकडा कळू नये म्हणून. आता जालन्यातल्या रद्दीवाल्याच्या दुकानात भाव ऐकायला मी आणि एक मांजर यांच्याशिवाय कुणीही नसतं, तरी रुमाल हा पाहिजेच. एका नव्या रद्दीवाल्याने पहिल्या वेळी घाबरून हात मागे घेतला होता. त्याला वाटलं, भविष्य बघताहेत. आता मात्र तो साडूभाऊ लांबून दिसले की गिऱ्हाईक सोडून हात पुसून बसतो.

आणि भाव योग्यच पाहिजे. योग्य म्हणजे काय, याची त्यांची व्याख्या मी इतक्यांदा ऐकली आहे की झोपेतही सांगू शकेन. "पाव्हणं, इकणाऱ्याला बी झोप आली पाह्यजे आन् घेणाऱ्याला बी." एकदा भोकरदनच्या आठवडी बाजारात त्यांनी जुन्या मासिकांचा गठ्ठा किलोवर घेतला. घरी येऊन सोडला तर आत एक दुर्मीळ कॉमिक निघालं, पिनांना गंजसुद्धा नाही. दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. हे जेवले नाहीत. पुढच्या बाजाराला दोन एसट्या बदलून पुन्हा भोकरदनला गेले, त्या माणसाला शोधून काढलं आणि रुमालाखाली वरचे पैसे देऊन आले. तो बिचारा नको नको म्हणत होता. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, म्हणाली, "पैशे दिले त्याच्यापेक्षा जास्त तर येण्याजाण्याचा खर्चा झाला!" त्यावर साडूभाऊ म्हणाले, "खर्चा माझ्या झोपेचा हाय, पुस्तकाचा न्हाई." आणि त्या दिवशी दुपारीच ते घोरायला लागले.

काटकसर म्हणाल तर तीही अशी, की तिच्यापायी वाटेल ते सोसायची तयारी. शहागडच्या पुलाजवळ हायवेवर एका हॉटेलात आम्ही चहाला थांबलो होतो. शेजारच्या बाकावर एक ट्रकवाला भजी खात होता आणि त्याच्या भज्यांखालच्या कागदावर तलवार दिसत होती. साडूभाऊ ताडकन उठले. हॉटेलवाल्याने कुठून तरी आलेली कॉमिक्स फाडून पुड्यांसाठी ठेवली होती. आता सरळ विचारून गठ्ठा विकत घ्यावा की नाही? पण तसं विचारलं तर हॉटेलवाला भाव चढवणार, हे त्यांचं गणित. म्हणून त्यांनी भज्यांची एक प्लेट मागवली. मग दुसरी. मग मला खायला लावली. तोंडाने भजी आणि डोळ्यांनी पान नंबर, असा तो यज्ञ बराच वेळ चालला. मधली दोन पानं मिळेनात तेव्हा ते ट्रकवाल्यापाशी जाऊन हात जोडून म्हणाले, "दादा, भजे तुमचे, कागद तेवढा माझा." ट्रकवाल्याने कागद दिलाच, वर पाठीवर थाप मारली. निघताना साडूभाऊंनी हॉटेलवाल्याला कागदाचे पैसे निराळे दिले ते दिलेच. पुढचे दोन दिवस आम्हा दोघांच्या पोटाने जे भोगलं ते सांगण्यासारखं नाही, पण ते कॉमिक आज पूर्ण आहे. तेलामुळे पानाच्या एका बाजूचं चित्र दुसऱ्या बाजूने दिसतं, एवढंच.

हा सगळा खजिना अक्काच्या माहेरच्या पत्र्याच्या ट्रंकेत राहतो. धान्यात घालतात तसा कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून. "माझा शालू खुंटीवर आन् ह्यांचा घोडेस्वार ट्रंकेत," असं अक्का येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. पण पाला बदलायचं काम तीच करते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. आणि साडूभाऊ त्यातलं एकही पुस्तक उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत. मला वाचायला मिळतं ते त्यांच्या ओट्यावर बसून, हात धुऊन.

आता त्या घोडेस्वाराविषयी सांगायला हवं, कारण साडूभाऊंच्या आयुष्यातलं एकमेव दुःख तेच होतं. निळा मुखवटा घातलेला हा घोडेस्वार फार वर्षांपूर्वी एका चित्रकथेत आला होता. कथा दोन भागांची. पहिला भाग साडूभाऊंनी लहानपणी वाचला, पुढे योग्य भावात मिळवलाही. त्याच्या शेवटच्या पानावर दरोडेखोर घोडेस्वाराला एका खोल अंधाऱ्या विहिरीत ढकलतात, आणि खाली लिहिलेलं असतं की काय झालं ते दुसऱ्या भागात वाचा. तो दुसरा भाग त्यांना पन्नास वर्षं मिळाला नाही. "जोडी फुटलेली हाय माझी," असं ते म्हणायचे, आणि बैलवाल्याच्या घरात जन्मलेला माणूस हे म्हणतो तेव्हा ते हसण्यावारी नेता येत नाही. तो विहिरीतून कसा निघाला असेल, यावर आमच्या दोन्ही घरांत सणासुदीला चर्चा व्हायची. माझ्या मते घोडा लगाम खाली सोडणार. माझ्या मुलीच्या मते त्याची पाळलेली मैना दोरी आणणार. माझी बायको म्हणे, तो मेलाच असेल आणि दुसऱ्या भागात त्याचा भाऊ येत असेल. अक्काचं मत असं की त्याचं लग्न झालेलं असतं तर बायको दोर घेऊन कधीच आली असती. साडूभाऊ सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि वाटेतल्या प्रत्येक विहिरीत वाकून बघायचे.

एकदा माझ्या मुलीने मोबाइलवर तो दुसरा भाग शोधून दाखवला. पुण्यातला कुणी व्यापारी विकत होता. आकडा ऐकून साडूभाऊ म्हणाले, "ह्याच्यात दोन शेळ्या येतात, आन् दूध निराळं." त्या वर्षी मोसंबीला चांगला भाव होता, पैसे त्यांच्याकडे नव्हते असं बिलकुल नाही. पण ते हलले नाहीत. मी गुपचूप मागवून देतो म्हणालो तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. "त्यो घोडेस्वार लुटारूंच्या इरोधात लढला, आन् म्या त्याला लुटारूकडून घेऊ?"

मागच्या हिवाळ्यात मी जालन्यात एका जुन्या कापड दुकानात चादरी घ्यायला गेलो होतो. मारवाडी शेटजी, साडूभाऊंच्याच वयाचे. पिढ्यान् पिढ्या इथेच राहिलेलं घर, पण मुलगा पुण्याला स्थायिक झाला, म्हणून दुकान बंद करून तिकडे निघाले होते. कपाटं रिकामी चाललेली. आणि गादीजवळच्या फळीवर, कापडाच्या नमुन्यांच्या शेजारी, निळा मुखवटा. दुसरा भाग! मी बाहेर येऊन फोन केला. पलीकडून आधी त्यांनी तोडणी थांबवल्याचं ऐकू आलं. मग, "हात लावू नका. भाव इचारू नका. आलोच म्या."

ते बागेतली तोडणी सोडून तसेच आले. पायात चिखल, काखेत पिशवी. शेटजींनी आधीच सांगून टाकलं की पुण्याचा एक माणूस उद्या सकाळी येतो आहे आणि मुलाशी त्याचं फोनवर बोलणं झालं आहे. आकडा त्यांनी सांगितला तो तोच, दोन शेळ्यांचा.  आज नाही तर कधीच नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. साडूभाऊंनी पुस्तक उचललं, घडीवरून अंगठा फिरवला, पिना बघितल्या. आत मात्र डोकावले नाहीत. शेटजी म्हणाले, "बघा ना, कसा निघतो विहिरीतून..." तर यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "सांगू नका! सौद्याच्या आधी न्हाई!" मग त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पहिला भाग काढून शेजारी ठेवला. जोडी लावून बघायची असते, तशी.

शेटजी पहिल्या भागाकडे बघतच राहिले. "हा खरंच होता?" ते हळूच म्हणाले. "लहानपणी बापूजींनी मला दुसराच भाग आणला होता. तो विहिरीत का पडला, कुणी ढकलला, मला आजपर्यंत माहीत न्हाई. गाव सोडायच्या आधी हे पुस्तक एकदा बाहेर काढून ठेवलं, बस."

साडूभाऊंनी खांद्यावरचा रुमाल काढला. शेटजी हसले. त्यांच्या वडिलांनीही सरकीच्या बाजारात असे सौदे केले होते. दोन हात रुमालाखाली गेले. रुमाल जरा हलला, मग हलायचा थांबला. किती तरी वेळ गेला. एवढा लांबलेला सौदा मी आयुष्यात पाहिला नव्हता. शेटजींची मान खाली, साडूभाऊंचा चेहरा लाल. मला वाटलं, शेटजी आकडा सोडत नाहीत आणि हे चढत नाहीत. शेवटी न राहवून मी म्हणालो, "साडूभाऊ, कमी पडत असतील तर मी घालतो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चादरींकडे बघायला लागलो. मग एकदाचा रुमाल उचलला गेला. "बराबर," साडूभाऊ म्हणाले. "बराबर," शेटजी म्हणाले. आणि शेटजींनी त्याच रुमालाने आपला चष्मा पुसला.

मग गादीवर समोरासमोर बसून दोघांनी वाचण्यापुरती अदलाबदल केली. पहिला भाग, जो उंबऱ्याबाहेर जात नाही, तो शेटजींच्या हातात. दुसरा साडूभाऊंच्या. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि साडूभाऊ थांबले. पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. मग इतक्या मोठ्याने हसले की बाहेरचा चहावाला आत आला. "पाव्हणं! पायऱ्या व्हत्या! बारव व्हती ती! पन्नास वर्षं म्या वरून दोर सोडून राह्यलो, आन् हा गडी पायऱ्या चढून वर आल्ता!" शेटजी हसून हसून गादीवर आडवे झाले. हे त्यांना पन्नास वर्षांपासून माहीत होतं.

शेटजींनी वाचून परत दिलेला पहिला भाग पिशवीत गेल्यावर मी साडूभाऊंना मोटारसायकलवर घरी सोडलं. नवं पुस्तक त्यांनी शर्टाच्या आत छातीशी धरलं होतं आणि वाटेत ओळखीचा माणूस दिसला की ते हात वर करून ओरडायचे, "जोडी लागली!" लोकांना वाटलं, पोराचं लग्न ठरलं. अक्का दारातच उभी होती. नवा बैल आणल्यावर ओवाळतात तसं तिने तबक आणलं, चेष्टेनेच आणलं असेल, पण पुस्तकाला कुंकू लावताना डाग पडू नये म्हणून तिने बोट फक्त टेकवल्यासारखं केलं. मग ट्रंक उघडून पहिला भाग परत ठेवला, त्याच्याशेजारी दुसरा ठेवला आणि वर ताजा पाला घातला. साडूभाऊंना इतकं खूश मी कधीही पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मलाही इतका आनंद स्वतःचं घर बांधल्यावर झाला नव्हता.

जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलो तेव्हा मी विचारलंच, "आता तरी सांगा. काय भाव ठरला?"

"छापील," ते म्हणाले. "पुस्तकावर छापलाय त्यो. दोन रुपये. म्या पंजा धरला, त्यानं सोडवला. म्या परत धरला, त्यानं दोनच बोटं माझ्या हातात देल्ली आन् पुस्तकावरच्या आकड्याकडं बघितलं. म्हणला, पुण्याच्या माणसाला इकून टाकलं म्हून सांगतो."

"म्हणजे लगेच ठरलं? मग एवढा वेळ हात रुमालाखाली कशाला होता?"

 साडूभाऊंच्या मांडीवर तो रुमाल होता, त्याची ते घडी घालत होते आणि पुन्हा मोडत होते.

"भाव तर कवाच ठरल्ता, पाव्हणं. पर शेटजीनं हातच सोडला न्हाई. दुकान चाललं, गाव चाललं त्यांचं... मंग म्या बी न्हाई सोडला."