पूछताछ बाबू आणि आईचं माहेर

आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, गन कॅरेज फॅक्टरीत श्रीपादराव म्हणून हाक मारणारं एकही माणूस नव्हतं. सगळे त्यांना ‘पूछताछ बाबू’ म्हणायचे. हे नाव ज्याने ठेवलं त्याला मी मनापासून हात जोडते. फॅक्टरीत नवा मराठी माणूस लागला, की जेवणाच्या सुट्टीत दादा डबा घेऊन त्याच्यापुढे हजर. नाव काय, पगार किती, हे त्यांना नको असायचं. पहिलाच प्रश्न, “तुमच्याकडे महालक्ष्म्या उभ्याच्या की बसलेल्या? खड्यांच्या की मुखवट्यांच्या?”

बिचारा माणूस अमरावतीहून नाहीतर साताऱ्याहून पोटासाठी जबलपूरला आलेला. त्याला वाटायचं, हा बाबू भिक्षुकी करतो. दोन दिवसांनी कळायचं, की याला दक्षिणा नको, याला नुसती माहिती पाहिजे. आंबील ताकाची की गोड? पुरणाच्या ताटाजवळ दिवा कुठल्या बाजूला? मुखवट्यांना कुंकू सून लावते की लेक?

हा दादांचा छंद. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, कबुतरं पाळतात, पत्ते कुटतात. दादा लोकांची घराणी शोधायचे. कुणाचं मूळ कुठलं, कोण कुणाचा भाऊबंद, कधी फुटून कुठे गेला. रविवारी सकाळी सायकल काढायची आणि मराठी घरांतून हिंडायचं, आणि तेही थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. आजीबाई खूश, सुना वैतागलेल्या. कागदावर एक अक्षर लिहायचे नाहीत, सगळं डोक्यात. सकाळी दाढी करताना आरशासमोर एकेका घराच्या पिढ्या म्हणत बसायचे. शाळेला जायला मला उशीर व्हायचा आणि मोरीत हे परक्यांचे पणजोबा घेऊन उभे. माझ्या तोंडून काय काय निघायचं ते इथे सांगत नाही.

त्यांचं म्हणणं असं, की माणूस गाव सोडतो, आडनाव बदलतो, कागद वाळवी खाते. पण सणाच्या ताटातली रीत बदलायची कुठल्याही सुनेची छाती होत नाही. सासूने शिकवलं तसंच ती करते, कारण ठाऊक नसलं तरी करते. म्हणून घराणं ओळखायचं तर चुलीपाशी ओळखावं.

मी हसायची. पण एक गोष्ट आमच्या घरी सगळ्यांना तोंडपाठ होती. दुसऱ्या महायुद्धात फॅक्टरी रात्रंदिवस चालायची, माणसं कमी पडायची, तेव्हा अच्युत नावाचा एक फिटर साताऱ्याकडून आला. त्याच्या घरी महालक्ष्म्यांच्या दिवशी कढीला फोडणी देत नसत. कुठल्याशा पिढीत फोडणी देताना सून भाजून गेली होती, तेव्हापासूनची रीत. दादांनी ऐकलं आणि त्यांची जेवणावरची वासनाच उडाली, कारण जबलपूरच्याच नेपियर टाउनमधल्या एका म्हाताऱ्या वकिलांच्या घरीही कढी बिनफोडणीचीच असायची, आणि कारण विचारलं तर तेही हेच सांगायचे. भोसल्यांच्या काळात दोन भावांतला एक चाकरीला इकडे आला होता. दीडशे वर्षं एकमेकांचा पत्ता नाही. वकीलसाहेब त्या फिटरचा तेलकट हात धरून ओसरीवर लहान मुलासारखे रडले. दोन घरांनी दीडशे वर्षं एका पोळलेल्या मुलीचं दुःख कढीत जपून ठेवलं होतं.

एवढं सगळं करणाऱ्या दादांच्या स्वतःच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार होता. माझ्या आईला, कुंदाला, माहेरच नव्हतं.

जबलपूरजवळच्या कुंडम गावी पोस्टात दुबे म्हणून मास्तर होते. एकोणीसशे अठरा सालच्या तापाच्या साथीत जंगलातल्या एका झोपडीपाशी त्यांना पाच वर्षांची पोर सापडली. आत आई-बाप मेलेले. पोर मराठी बोलत होती, कुंदा एवढंच नाव सांगत होती. मग तीही महिनाभर तापाने पडली आणि उठली तेव्हा तिचं बोलणंच गेलं होतं. वर्षभराने बोलायला लागली ती हिंदीत. दुबेमास्तरांना मूल नव्हतं, त्यांनी पोटच्या लेकीसारखं वाढवलं. पुढे त्यांची जबलपूरला बदली झाली, दादांनी तिला पाहिलं आणि हट्टाने लग्न केलं. आमची आजी शेवटपर्यंत म्हणायची, “जिचं कुळ ठाऊक नाही, तिच्या हातचा नैवेद्य देवीला चालत नाही.” आमच्या घरी महालक्ष्म्या बसत नाहीत, नवरात्र असतं. त्या नऊ दिवसांत आई देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसून भाज्या चिरायची. आजी गेल्यावर दादा म्हणाले, आता ये आत. ती आली नाही.

दादांनी तिला किती वेळा विचारलं असेल. “आठव ना काहीतरी. तुझी आई सणाला काय करायची?”

“काही नाही आठवत,” म्हणायची आणि उठून जायची.

पासष्ट सालच्या भाद्रपदाची गोष्ट. काश्मीरकडून बातम्या यायला लागल्या होत्या आणि फॅक्टरीत सगळ्यांच्या सुट्ट्या बंद झाल्या होत्या. दादा निवृत्तीला टेकलेले, तरी रोज जादा काम. एका संध्याकाळी ते घरी आले ते चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागले.

“अगं नंदा, आज नवीनच रीत सापडली! आमच्या खात्यात तो दिवाकर आलाय ना बदलून, त्याने महालक्ष्म्यांच्या दिवशी तासाची रजा मागितली. फोरमन म्हणतो, काहून? हा म्हणतो, मी गेलो नाही तर महालक्ष्म्या उपाशी राहतील साहेब. मी त्याला कोपऱ्यात घेतलं.”

“घेणारच,” मी म्हटलं.

“बडा फुहारा चौकामागे घर आहे त्यांचं. त्याची आई भानुमतीबाई. मला दोनदा दारातून परत पाठवलंय त्यांनी, आमची रीत बाजारात सांगायची नाही म्हणून. आज पोराने सांगितली. महालक्ष्म्यांना नैवेद्य दाखवला की घरच्या सुना आणि लेकी आत जेवायला बसतात. दार लावून घेतात. आणि घरातला एक पुरुष बाहेर उभा राहतो, दाराकडे पाठ करून. जेवणं होईपर्यंत बोलायचं नाही, वळायचं नाही.”

आई पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

“काठी असते त्याच्या हातात?” तिने विचारलं.

दादा तिच्याकडे बघतच राहिले. “असते. तुला काय माहीत?”

“डाव्या हातात?”

“हो, डाव्या. उजवा मोकळा ठेवायचा.”

“आणि पायात जोडे. सणाच्या दिवशी, दाराशी, पायात जोडे.” आईचा आवाज ओळखू येईना. “होय ना? होय म्हणा.”

दादा खाली बसले. “होय,” म्हणाले.

मग आई बोलली. आयुष्यात पहिल्यांदाच बोलली. तिला ती झोपडी आठवत होती. दोन मडक्यांवर काढलेले डोळे-नाक, त्यांना नेसवलेली आईचीच लुगडी. आई आणि ती आत जेवत होत्या. दाराच्या फटीतून बाप दिसत होता, जंगलाकडे तोंड करून उभा, पायात जोडे, हातात काठी. तिने हाक मारली, तर आईने तोंडावर हात ठेवला. त्याच्याशी बोलायचं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत दोघं गेली.

“मला वाटायचं, अप्पांना वाळीत टाकलंय,” आई म्हणाली. “सणाला घरात घेत नाहीत, जोडे काढू देत नाहीत, कुणी बोलत नाही. म्हणूनच आम्हाला गावाबाहेर जंगलात ठेवलंय. काहीतरी मोठं पाप केलं असेल त्यांनी. हे तुम्हाला काय सांगू? सासूबाई कुळ विचारायच्या. मी काय सांगू?”

सत्तेचाळीस वर्षं ती हे पोटात घेऊन जगली होती. मी तर शाळामास्तरीण, माझी जीभ कधी थांबत नाही. त्या दिवशी मी तिच्या हातातलं लाटणं घेतलं आणि उरलेल्या पोळ्या लाटल्या.

दुसऱ्या दिवशी फॅक्टरीचा भोंगा वाजल्यावर दादा परस्पर फुहाऱ्यामागे गेले. भानुमतीबाई सत्तरीच्या, ताठ. तिसऱ्यांदा हाच माणूस दारात पाहून त्या म्हणाल्या, “काय बाबूजी, पुन्हा काय विचारून राहिले तुम्ही?”

दादांनी या वेळी एकच विचारलं. तुमच्या घरातलं कुणी कुंडमकडे गेलं होतं का?

बाईंनी अर्धं लावलेलं दार पूर्ण उघडलं. मग म्हणाल्या, धाकटे दीर, विष्णू. जंगलखात्यात लागले होते. बायको आणि पोर घेऊन गेले आणि तापाच्या साथीत तिघं गेली.

“तिघांना कुणी पाहिलं?”

“इकडून माणूस पाठवला होता, तो साथीच्या भीतीने वेशीवरूनच परतला. गाववाले बोले, सब ख़तम हो गए.” मग दादांनी आईची सगळी हकीकत सांगितली. बाईंनी पदराने तोंड पुसलं. “पाहा बाबूजी, एक आठवण सांगून कुणी लेक होत नसते. आमची रीत दिवाकरने तुम्हाला सांगितली, तुम्ही घरी सांगितली. मी कसं मानू? सणाला आणा तिला. तेव्हा पाहू.”

बाईंचं काही चुकलं नव्हतं. तरी मला राग आला. मी आईला म्हटलं, परीक्षा द्यायला जाऊ नकोस. ती ट्रंकेतून लग्नातली साडी काढत होती. “परीक्षा देऊ दे ग मला एकदा,” म्हणाली, “आजवर कुणी बसूच दिलं नाही.”

सणाच्या दिवशी दादांनी पाळी बदलून घेतली आणि आम्ही तिघं गेलो. ओसरी शेजारणींनी भरलेली. समोरच्या पानठेल्यावर रेडिओभोवती माणसांचा घोळका, लढाईच्या बातम्या चाललेल्या. आत महालक्ष्म्या बसल्या होत्या, पुरणावरणाचा, सोळा भाज्यांचा, आंबिलीचा नैवेद्य तयार होता. दिवाकरचा पत्ता नव्हता. फॅक्टरीतलं जादा काम सोडून निघता येईना म्हणे. अन्न निवायला लागलं. शेजारणी कुजबुजू लागल्या. भानुमतीबाई रस्त्याकडे डोळे लावून दारात उभ्या होत्या.

एकदाची सायकल आली. दिवाकर खाकी कपड्यांत, हातांना वंगण, घामाने निथळत. त्याने हात धुतले, आमच्याकडे पाहून “नमस्ते बाईजी” म्हणाला, खुंटीवरची काठी डाव्या हातात घेतली आणि फॅक्टरीचे बूट न काढता दाराकडे पाठ करून उभा राहिला. पेंढारी या घरावर महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या वेळीच चालून आले होते, सगळे पंगतीवर होते, शस्त्राला कुणाचा हात पोचला नाही. तेव्हापासून इथला एक पुरुष सणाला घराबाहेर असतो. हे दादांनी घरातल्या एका सुनेकडून नुकतंच काढून घेतलं होतं, ते त्यांनी माझ्या कानात सांगितलं. आई माझ्या शेजारीच होती, तिनेही ऐकलं. ती दिवाकरच्या पाठीकडे पाहत होती. म्हणजे अप्पांना कुणी बाहेर काढलं नव्हतं. ते तिला राखत होते. त्या जंगलात, एका पाच वर्षांच्या पोरीच्या आणि दोन मडक्यांच्या रक्षणाला एकटा माणूस जोडे घालून उभा होता. तिने लग्नातल्या साडीचा पदर खांद्याभोवती लपेटून घेतला.

घरातल्या दोन सुना, दिवाकरची बायको आणि परगावी असलेल्या त्याच्या भावाची, आत गेल्या. ओसरीवरच्या बायका मागे सरकल्या, त्यांची पंगत नंतरची. आईही सरकायला लागली.

भानुमतीबाई तिच्यासमोर आल्या. हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे केलं. एक बाजू पाहिली, दुसरी पाहिली. मला वाटलं, आता काहीतरी विचारणार. त्यांनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, दिराचं तोंड शोधल्यासारखे.

“कुंदे,” म्हणाल्या, “आत चल. जेवण निवून राहिलं.”

आणि तिचा हात धरून तिला आत नेलं. दार लागलं.

मी आणि दादा बाहेर. मी लेकीची लेक, या घरची नव्हे; मला आत जागा नाही, याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला. माझी आई अशा ठिकाणी होती जिथे मलासुद्धा जाता येत नव्हतं. दादा भिंतीला टेकून उभे होते. शेकडो घरं जोडणारा माणूस, आता एका बंद दाराला कान लावून होता. आतून ताटांचा आवाज आला, मग भानुमतीबाईंचा, “वाढा ग तिला, पुरण वाढा, लाजून राहिली ती.” मग कुणीतरी रडलं, मग दोघी रडल्या, मग हसल्या. दिवाकर हलला नाही. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला त्याने मोकळा हात उचलला नाही.

जेवणं झाली की घरची लेक दार उघडून उभ्या माणसाला सांगते, महालक्ष्म्या जेवल्या. मग तो वळतो. या घरात लेक नव्हती, इतकी वर्षं सूनच सांगत होती. दार उघडलं तेव्हा उंबऱ्यात आई होती. समोर पाठ, डाव्या हातात काठी, पायात बूट. आईच्या आठवणीतला तो माणूस आजवर कधी वळलाच नव्हता.

“महालक्ष्म्या जेवल्या,” आई म्हणाली.

दिवाकर वळला. त्याने काठी भिंतीला लावली, बाहीने तोंड पुसलं आणि विचारलं, “ताई, पोटभर जेवली ना तू?”